शेकडा दीड

तालमीच्या हौद्यात बाईनं उतरायचं नाही.
म्हणून रंगराव मगदूम माझ्या पत्र्याच्या शेडात येतात,
सकाळी सातला, सायकल भिंतीला टेकवून,
काखेत पितळी डबा.
"कुठं हुबं ऱ्हाऊ?"
मी फिरत्या पाटाकडे बोट करते.

वय एकसष्ट. छाती अजून दाराएवढी,
पण कातडी आतल्या माणसावर सैल झालेली,
थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखी.
कमिटीला पंचविशीतला गडी हवाय,
शड्डू ठोकताना, चौकात, साडेसहा फूट.
फोटो एकच, तोही मांडीपाशी कापलेला.
खालचे पाय मला या पायांतूनच काढायचे.

आधी सळया. मग तार, तारेला लटकवलेल्या लाकडी फुल्या,
मग माती, मुठीनं मारून, बडवून.
आबा दारात येऊन बघतात.
अख्खा बापट कॅम्प गणपती करतो,
तुलाच गं कशाला हाडं लागतात?

देव बसलेला असतो, आबा.
हा उभा आहे.

उभं राहणं म्हणजे काय ते तिसऱ्या दिवशी कळलं.
डावा गुडघा. ते बोलले नव्हते.
भार उजव्या टाचेवर सरकतो,
तशी उजवी कंबर चिमूटभर वर जाते,
कणा तिला सावरायला वाकतो,
त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो,
आणि मान, सगळ्या हिशेबाची बाकी,
किंचित वळते.
गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडला.
थेट उजव्या घोट्यावर आला.
कुठल्या मैदानात, कुणाच्या डावात, मी विचारलं नाही.

रविवारी कमिटी आली. चहा झाला.
अध्यक्षांनी चष्मा पुसला,
छाती वाढवा म्हणाले, मिशी द्या,
आणि ते कान जरा नीट करा, बरं दिसत नाही.
मिशी देते म्हटलं.
कान चाळीस वर्षं कुणाकुणाच्या मानेवर घासून,
रक्त साकळून, मुटक्यासारखे वळलेले.
ते मी केलेच नव्हते,
नुसते उतरवून घेतले होते.

कांसं निवताना आकसतं, मी मगदुमांना सांगत होते,
शेकडा दीड. म्हणून मातीत सगळंच थोडं जास्तीचं करायचं.
ते हसले, हलले, मग पुन्हा जागेवर आले.
"आमचं बी त्येच की. खुराक तुटला की गडी निवतो.
आम्हाला जास्तीचं कुणी केलं न्हाई, एवढंच."

दुसऱ्या दिवशी डब्यात भाकरी नव्हती.
हौद्यातली माती होती. लाल, तेलकट,
ताक, हळद, लिंबू मुरलेली.
"तुमास्नी तितं येता येत न्हाई."
मी ती डाव्या मांडीत घातली.
दिसत काहीच नव्हतं. दोन दिवस शेडात ताकाचा वास.

मग साचा, मग मेण,
मग शिरोलीची भट्टी, जिथं एरवी पंपाची बॉडी ओततात.
इस्माईल मुजावरनं मूस कलती केली
आणि मेण गेलेल्या रिकाम्या जागेत कांसं उतरलं,
तहानलेला माणूस न थांबता पाणी पितो
त्या आवाजात.
सगळे गप्प होते. रेडिओसुद्धा कुणीतरी बंद केला होता.

जोड घासले, सांधे मिटवले, रंग चढवला.
मगदूम आले, पायताण बाहेर काढून.
छातीकडे बघितलं नाही, मिशीकडे बघितलं नाही.
करंगळी कानात घालून फिरवली
आणि म्हणाले, "हं."

साच्यातून खरवडून काढलेली माती
परत टाकीत गेली, भिजली, गोळा झाली.
श्रावणात आबांनी तिचा लचका तोडला.
ही लाल कशी गं? तेलकट लागतीय हाताला.
असू दे, उंदराला चालेल.

संध्याकाळी फळीवर अठरा उंदीर वाळत होते.
सतरा नीट बसलेले.
अठराव्याचा भार उजव्या पायावर.
आबा म्हणाले, हा एक कसा तिरका झाला कुणास ठाऊक.
काढून टाकला मात्र नाही.